इंजिन ओरडते, गाडी हलत नाही



घरातल्या यंत्रांवरच्या या सदराकडे अलीकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती स्कूटरबद्दल. मिक्सर आणि शिलाई मशीन मागे पडले. ते साहजिकच आहे. मुलांना शाळेत सोडणे, अम्मींना दवाखान्यात नेणे, बाजारहाट, शिकवणी, सगळे आज गिअर नसलेल्या स्कूटरवर चालते. ती बंद पडली की अर्धे घर थांबते. प्रश्न साधारण दोनच असतात. रेस दिली की इंजिन ओरडते, पण गाडी पुढे का जात नाही? आणि गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला, पण या गाडीला क्लच आहेच कुठे?

क्लच आहे. त्याचा दांडा तेवढा नाही. गाडीच्या डाव्या बाजूला लांबट झाकण दिसते. त्याच्या आत एक पुली पुढे इंजिनला जोडलेली असते, दुसरी मागे चाकाच्या बाजूला. दोन्हींवरून रबरी बेल्ट फिरतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बशा. बशा जवळ आल्या की बेल्ट वर, कडेकडे चढतो. दूर गेल्या की खाली, मध्याकडे बसतो.

पुढच्या पुलीत, जिला मेकॅनिक व्हेरिएटर म्हणतात, छोटे गोल रोलर असतात. गोफण गरागरा फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तसे इंजिनचा वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात आणि बशीला दाबतात. पुढे बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तीच असल्यामुळे मागच्या पुलीत तो खाली ओढला जातो. मोटरसायकलवाला पहिल्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात गिअर टाकतो, तेच काम इथे खटका न लागता, सलग होते. चढ आला की मागच्या पुलीतली स्प्रिंग आणि तिरक्या खाचा बेल्टला पुन्हा आवळून वर आणतात, म्हणजे गाडी स्वतःच खालच्या गिअरवर येते.

मागच्या पुलीला लागून खरा क्लच असतो. त्यात ब्रेकच्या लायनरसारखे शू असतात. इंजिन संथ चालू असते तेव्हा स्प्रिंगा त्यांना आत ओढून ठेवतात, म्हणून सिग्नलला गाडी उभी राहते. रेस दिली की शू बाहेर फेकले जातात, भोवतालच्या ड्रमला घासून पकडतात आणि चाक फिरू लागते. आपल्याकडे ही रचना घरोघरी ओळखीची झाली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडामुळे.

या रचनेचे एक भावंड बर्फात राहते. हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आलेल्या कुटुंबांनी स्नोमोबाईल पाहिली असेल: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. तिच्यातही दोन पुल्या आणि एक बेल्टच असतो. फरक इतकाच की तिला शू असलेला वेगळा क्लच नसतो. पुढच्या पुलीत रोलरऐवजी वजनदार हात असतात. इंजिन संथ असताना बशा उघड्या आणि बेल्ट सैल असतो. वेग वाढला की हात बाहेर झेपावतात, बशा मिटतात आणि बेल्ट पकडला जातो. म्हणजे क्लच आणि गिअर, दोन्ही कामे तीच पुली करते. उंच डोंगरावर हवा विरळ असते, इंजिनची ताकद घटते, म्हणून तिथले जाणकार या हातांची वजने हलकी करतात. जास्त वजन ठेवले तर थकलेल्या इंजिनवर आणखी ओझे पडते. स्कूटरच्या रोलरचेही तसेच आहे. कंपनीने दिलेले वजन सोडून कुणाच्या सांगण्यावरून भलतेच रोलर घालू नयेत, ते यासाठी.

बर्फावरच्या या गाडीमागे एका बापाचे दुःखही आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातले मेकॅनिक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए बर्फावर चालणारे वाहन बनवण्याच्या खटपटीत होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फामुळे रस्ते बंद होते, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेले. त्यांनी काम सोडले नाही. बर्फावर चालणारी मोठी वाहने त्यांनी आधी बनवली आणि १९५९ साली त्यांची छोटी स्की-डू बाजारात आली. वाहन वेळेवर चालणे याला कधी कधी किती मोल असते, हे यावरून कळते.

आता आपल्या गाडीकडे वळू. दोष इंजिनचा आहे की बेल्ट-क्लचचा, हे आधी ठरवावे. इंजिन व्यवस्थित सुरू होते, आवाज एकसारखा आहे, पण गाडी ओढत नाही, तर बहुधा इंजिन निर्दोष असते. गाडी मेन स्टँडवर लावून हलकी रेस द्या. मागचे चाक मुळीच फिरले नाही तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी. चाक फिरते, पण रस्त्यावर माणूस बसल्यावर ओढ लागत नाही, तर शू किंवा बेल्ट घसरतो आहे. ही तपासणी करताना ओढणी, बुरखा, दुपट्टा आवरून घ्यावा आणि मुलांना चाकापासून दूर ठेवावे. इंजिन चालू असताना ते झाकण कधीही उघडू नये.

बाकीची लक्षणेही ओळखता येतात. सुटताना गाडी थरथरते, नंतर नीट पळते: शूवर धूळ बसली आहे किंवा ते घासून गुळगुळीत झाले आहेत. पूर्वीइतका वेग येत नाही: बेल्ट झिजून अरुंद झाला असेल, तो पुढच्या पुलीत पुरता वर चढत नाही. वेग वाढताना गचके बसतात, आतून खडखड येते: रोलर एका बाजूने चपटे झाले असतील. सिग्नलला रेस न देताही गाडी पुढे सरकते: इंजिनचा संथ वेग जास्त ठेवला आहे किंवा शूच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत. हे शेवटचे लक्षण धोक्याचे आहे, त्याच दिवशी दाखवावे. आणि बेल्टवर तेल किंवा ग्रीस दिसले तर नुसता बेल्ट बदलून भागत नाही. कोणते सील गळते आहे ते शोधावे लागते, नाहीतर नवा बेल्टही घसरणारच.

इंजिनच सुरू होत नसेल तर तीन गोष्टी आठवाव्यात: पेट्रोल आणि हवा, ठिणगी, दाब. टाकीत पेट्रोल आहे का, साइड स्टँड वर आहे का, बॅटरीत जोर आहे का, एवढे घरीच पाहता येते. काही नव्या गाड्या स्टँड खाली असताना सुरूच होत नाहीत. पुढची पायरी म्हणजे प्लग. तो काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि अनेकदा कारण निघते ते तुंबलेले एअर फिल्टर. पांढरट भाजलेला असेल तर इंजिन जास्त तापते आहे. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नसावी. किक अगदी हलकी, पोकळ लागत असेल तर दाब कमी झाला आहे, ते काम मेकॅनिकचेच. धुरावरूनही कळते: निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींत कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. अशा गाडीला कोणी ‘कार्बोरेटर साफ केला’ म्हणून पैसे मागितले तर जरूर विचारावे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर झाकणात पाणी शिरून बेल्ट काही काळ घसरतो. तो वाळल्यावर पकड परत येते. मात्र पाण्यातच इंजिन बंद पडले असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनच्या आत पाणी गेले असेल तर मोठे नुकसान होते.

क्लच लवकर जाण्यामागे सवयीही असतात. चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी तोलून धरणे, ब्रेकवर बोटे आवळून रेस देणे, तिघांना बसवून वर पिठाची गोणी ठेवणे. या प्रत्येक वेळी शू घसरतात आणि जळतात. नव्याने शिकणाऱ्या आपांना आणि मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

शेवटी पैशाचे बोलू. बेल्ट, रोलर, शू यांच्या झिजेची मर्यादा कंपनीने ठरवून दिलेली असते. बेल्टची रुंदी आणि रोलरचा व्यास व्हर्नियरने मोजता येतो. तेव्हा मोजून दाखवा म्हणावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. यात अविश्वास नाही, तो आपला हक्क आहे. सुटे भाग घेताना बिल घ्यावे, बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर पुस्तिकेत लिहून ठेवावे.

आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये शिकतात, त्यातून घर चालवतात. त्यांच्याशीही दोन शब्द. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी सूरह अल-मुतफ्फिफीन फक्त तराजूवाल्या दुकानदारासाठी आहे असे समजू नये. चांगला बेल्ट गेला म्हणून सांगणे, जुनाच भाग पुसून नवा म्हणून लावणे, हेही माप मारणेच आहे. बंद झाकणाच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून ती गाडी तुमच्या हातात अमानत असते. आणि गिऱ्हाइकांनीही लक्षात ठेवावे: काम चोख झाले की मजुरी घासाघीस न करता, वेळेवर द्यावी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला देण्याची शिकवण आपल्या नबींची (स.) आहे. तपासायला लागलेला वेळ हीदेखील मेहनतच आहे, भाग बदलला नाही तरी.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीबद्दल बोलू. तोवर या जुम्याला थोडा वेळ काढून आपल्या गाडीची पुस्तिका उघडा, बेल्ट कधी तपासायचा ते पाहा आणि तो आकडा घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा.