वास आला तरी नाक बंद ठेवायचे?

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांत झेंडा फडकतो, कामगारांना शपथ दिली जाते आणि 'आपण सारे एका कुटुंबाचे' असे साहेबांचे भाषण होते. तळोजा औद्योगिक वसाहतीतही हे घडते. याच वसाहतीतला एक कंत्राटी कामगार काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वकील म्हणून आला, तेव्हा या कुटुंबाचे खरे रूप आम्हाला दिसले. पाइपच्या जोडातून वास येतो, एवढेच त्याने सुपरवायझरला सांगितले होते. कोणी ऐकले नाही म्हणून त्याने लेखी दिले. त्यानंतर चारच दिवसांत त्याचा गेटपास बंद झाला. ठेकेदार म्हणाला, कंपनीला तू नको आहेस. कंपनी म्हणाली, हा आमचा कामगारच नाही. जोड दुरुस्त झाला की नाही, हे त्याला कळले नाही. पण त्याच्या सोबत्यांना एक धडा मिळाला, वास आला तरी नाक बंद ठेवायचे!

कारखान्याचे वातावरण बिघडले की व्यवस्थापन कामगारांकडे बोट दाखवते. कामगार कामचुकार झाले, युनियनने त्यांना बिघडवले, ही ठरलेली ओरड. आमचे म्हणणे उलट आहे. वरच्या खुर्चीतला माणूस वाईट बातमी कशी ऐकून घेतो, यावर खालचा माणूस खरे बोलणार की नाही हे ठरते. खरे बोलणाऱ्याला एकदा शिक्षा झाली की विश्वास मेला. मग दिवाळीचा बोनस आणि मिठाईचा पुडा देऊन तो परत येत नाही.

याची किंमत किती मोठी असते, हे भोपाळने दाखवले आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारो माणसे मेली. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटनेने तेव्हाच धोक्याचा इशारा दिला होता. तो कोणी ऐकला? तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये निळी झालेली भटकी कुत्री दिसली, देशभर छायाचित्रे छापून आली, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर बंदची कारवाई केली. कुत्री निळी झाली तेव्हा बातमी झाली. पण याच वसाहतीत रोज रसायने हाताळणाऱ्या माणसांना त्यांच्या हातांचे, छातीचे काय झाले, असे कोणत्या साहेबाने विचारले?

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त होती तिथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. मालकांनी हा भेद चालू दिला आणि कामगार पुढाऱ्यांनीही त्याकडे काणाडोळा केला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, हा त्यांचा अर्थ होता. मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. बंधुता मालकाच्या मर्जीवर सोडायची नसते, हे त्यांनी ओळखले होते.

कायदा आजही काही सांगतो. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे संविधानाचे कलम ४३-क सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान हवेत. याच संहितेने स्थायी आदेशांचे बंधन ३०० कामगारांच्या वर नेऊन असंख्य लहान कारखान्यांना मोकळे सोडले आहे, संपाची वाटही अवघड केली आहे. म्हणून जे हातात उरले, ते कागदावर राहू देणे आपल्याला परवडणारे नाही. आमच्या पाहण्यात अशा कमिट्या आहेत, ज्यांच्या सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे ठाऊक नाही!

आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. गेटपास बंद करण्याच्या कागदावर सही करणारा अधिकारी कधी कधी आपल्याच वस्तीतून शिकून गेलेला असतो. साहेबाच्या भीतीने तो सही करतो. त्याची अडचण आम्हाला समजते, पण ती सही माफ करता येत नाही.

तेव्हा तळोज्यातील आपल्या बांधवांना आमचे सांगणे आहे. आपल्या कारखान्यात समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे लेखी विचारा. प्रतिनिधी आपण निवडा. कंत्राटी कामगाराची तक्रार कायम कामगाराने आपली मानावी. धोक्याची तक्रार एकट्याने देऊ नका, दहा सह्यांनी द्या आणि पोच घ्या. एका माणसाचा गेटपास बंद करणे सोपे असते, दहा जणांचा बंद करताना साहेबालाही विचार करावा लागतो.