थांब्याची निवड आणि थांबण्याची मुभा

पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या प्रवासाविषयी मराठीत एक ठरीव ललित लेख आहे. दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून तो निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा छापला जातो. कात्रज मागे पडले की लेखकाची चित्तवृत्ती प्रफुल्लित होते, खंबाटकीच्या चढणीवर बालपण आठवते आणि मग मुख्य प्रश्न उपस्थित होतो : थांबायचे कुठे? सुरूर फाट्याच्या अलीकडे, की सातारा ओलांडून उंब्रजच्या सुमारास? पुढचा सगळा मजकूर म्हणजे एका टपरीचे माहात्म्य. उकळून दाट झालेला चहा, कढईतून निघालेली कांदाभजी, तीस वर्षांची ओळख ठेवणारा मालक. शेवटी नव्या फूड मॉलच्या झगमगाटावर एक सुस्कारा. ह्यातले काही लेख हेवा वाटावा इतक्या सहज गद्यात लिहिलेले असतात, हे मान्य केलेच पाहिजे. माझा आक्षेप त्यांच्या गृहीतकाला आहे. थांब्याची निवड हा रुचीचा प्रश्न आहे, असे हा लेख धरून चालतो.

मुळात ह्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरांत निवड किती जणांच्या हाती असते? एसटीतल्या प्रवाशाचा थांबा महामंडळ आणि हॉटेलमालक यांच्यातल्या कराराने ठरतो. खाजगी बसचा थांबा बसमालक आणि ढाबेवाला यांच्या समजुतीने. तिथला वडा शिळा असला तरी दुसरा पर्याय नसतो. भाड्याच्या गाडीच्या चालकाला पाच तासांत डोळा मिटण्याची गरज असते, पण गाडी कुठे थांबवायची हे मागच्या आसनावरून ठरते. आणि त्या मागच्या आसनावर बसलेल्या बाईचे काय? घरातून निघताना ती पाणी बेताने पिते, साताऱ्यापर्यंत तर घोटभरही घेत नाही, कारण ज्या टपरीच्या चहावर तिच्या यजमानांनी लेख लिहिला आहे त्या टपरीला स्वच्छतागृह नाही. टपरीमागच्या शेताचा उल्लेख लेखात येतो तो हिरवाईसाठी.

ज्या लेखकाला भज्यांबरोबरच्या चटणीतला लसूण कळतो, त्याला शेजारच्या माणसाने तीन तास पाणी का टाळले हे कळू नये? ललित लेखावर समाजशास्त्राचे ओझे कशाला, असा प्रश्न नेहमीप्रमाणे विचारला जाईल. उत्तर साधे आहे. मी समाजशास्त्र मागत नाही, निरीक्षण मागतो आहे. ललित लेखनाची सारी प्रतिष्ठा बारीक निरीक्षणावर उभी आहे. तेच इतके सोयीचे निघाले तर दोष लेखनाचा आहे, विचारसरणीचा नव्हे.

आता त्याच रस्त्याकडे जरा मागे जाऊन पाहावे. उंब्रजहून एक फाटा मसूरला जातो. १९०१ साली ह्या मसूरच्या रेल्वे स्थानकावर साताऱ्याहून आलेली काही मुले उतरली. त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. वडील नोकरीच्या गावी, त्यांना निरोप पोचलेला नव्हता. मुलांची जात कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे ह्या अटीवर. रात्री थांबा पडला तो टोल वसूल करणाऱ्याच्या चौकीपाशी. जवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी चौकीवरून पाणी मिळाले नाही. मुले उपाशी झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या इंग्रजी टिपणांत बाबासाहेबांनी हे सांगितले आहे, आणि ती टिपणे पुस्तिकारूपाने निघाली १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी.

आज तासवड्याचा टोलनाका मसूरपासून फार दूर नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलवाल्याशी बोलण्याचीही वेळ येत नाही. (टोलच्या रांगेविषयी मात्र आपण पानेच्या पाने लिहू शकतो.)

ह्याच्या शेजारी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ ठेवून पाहा. १८५७ च्या धामधुमीत वरसईचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघतो, लुटला जातो, जीव मुठीत धरून हिंडतो. पण परक्या गावातही ब्राह्मणाचे घर किंवा अन्नछत्र सापडले की त्याच्या पाण्याचा आणि पानाचा प्रश्न बहुधा सुटतो. हे त्या ग्रंथाचे न्यून नव्हे, त्याचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. पण मराठी प्रवासवर्णनाची परंपरा सांगताना आपण ह्या वाटेवरून थेट टपरीच्या चहाशी येतो, आणि मसूरची वाट ‘दलित आत्मकथन’ ह्या वेगळ्या पेपरात पाठवून देतो. दोन्ही मजकूर एका प्रश्नाबद्दलच आहेत : वाटेत कोणाला कुठे उतरता येते.

राहता राहिला फूड मॉल. त्याच्यावर तुटून पडणे हल्ली सुसंस्कृतपणाचे लक्षण झाले आहे. तिथले दर अवाच्या सव्वा आहेत, चव बेताची आहे, सगळे खरे. पण तिथे कोणीही ओळखत नाही, आणि ज्यांना ओळखले जाण्याची किंमत मोजावी लागली आहे त्यांच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. तिथल्या स्वच्छतागृहाने बायकांच्या प्रवासात जो फरक केला तो कोणत्याही ललित लेखाने केलेला नाही. अर्थात पाण्याची बाटली घेण्याइतके पैसे खिशात नसलेल्याला हे दारही अर्धेच उघडे आहे, आणि त्याच्यावर टीका करायची तर ती इथून करावी. टपरीच्या आठवणीतून केलेली टीका मला केवळ रुसवा वाटते.

एम. ए. च्या वर्गात प्रवासवर्णन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लहानसे आहे, दोन तासिकांत वाचून होते. ते आत्मकथनाच्या पेपरातून काढू नये, पण प्रवासवर्णनाच्या पेपरातही ठेवावे. आणि ते वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या थांब्याविषयी लिहायला सांगावे. गाडीतल्या प्रत्येक माणसाने तिथे उतरून काय केले, आणि कोण उतरलेच नाही, ह्यासह.