आधार वेगळा, अधिकार वेगळा

वाचकहो, आपला इतिहास इतरांनी लिहिला, ही आपली जुनी तक्रार आहे. आज विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात तो आपणांस स्वतः लिहिता येतो. परंतु नवागताचा लेख पुष्कळदा काढून टाकला जातो, आणि त्यास तो अन्याय वाटतो. वस्तुतः येथे दोन कर्तव्यांची गल्लत झालेली असते. ग्रंथाचा आधार दिला म्हणून त्यातील मजकूर उतरवण्याचा अधिकार मिळत नाही. आणि तो अधिकार असला तरी आधार देणे चुकत नाही.

१९५७ च्या कायद्यानुसार माहितीवर कोणाची मालकी नसते, शब्दरचनेवर असते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क ६० वर्षांनी, म्हणजे २०१६ अखेर संपला. परंतु 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ प्रथम १९८७ साली प्रसिद्ध झाला; मरणोत्तर ग्रंथाची मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने तो २०४७ अखेरपर्यंत मुक्त नाही. मूळ ग्रंथ मुक्त असला, तरी मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे काय? त्या खऱ्या असतील. परंतु ज्ञानकोशास प्रकाशित, विश्वासार्ह आधार लागतो. आपल्या आठवणी फारशा छापल्याच गेल्या नाहीत, हेच खरे दुःख होय. म्हणून त्या आधी नियतकालिकांतून प्रसिद्ध करा. नंतर त्यांचा आधार देऊन, स्वतःच्या शब्दांत लेख लिहा. पुराव्यानिशी मांडलेले सत्य खोडणे कोणासही सोपे नसते.