डिस्नेलँडची थेट गाडी का थांबली?

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून सकाळी सुटलेली युरोस्टार गाडी पावणेतीन तासांच्या आसपास पॅरिसजवळच्या डिस्नेलँडच्या दाराशी उभी राहत असे. २०१८ च्या उन्हाळ्यात भाचीच्या कुटुंबासोबत मी या गाडीने गेलो होतो. मार्न-ला-व्हॅली स्थानकात उतरल्यावर मुलांनी विचारले, 'आता कुठली गाडी?' कुठलीच नाही, हे कळताच ती धावत सुटली. १९९६ मध्ये सुरू झालेली ही थेट सेवा जून २०२३ मध्ये कायमची बंद झाली. रूळ जागेवर आहेत, खाडीखालचा बोगदा शाबूत आहे आणि हे उद्यान आजही युरोपात सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे. तरीही गाडी गेली. रेल्वेच्या धोरणाविषयी लिहिणाऱ्यांनी या प्रकरणाकडे सुट्टीतली किरकोळ गैरसोय म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

ब्रिटन शेंगेन क्षेत्रात कधीच नव्हते. त्यामुळे पारपत्र तपासणी पूर्वीही होती. फरक तिच्या स्वरूपात पडला. लंडनहून निघणाऱ्या प्रवाशाची फ्रेंच तपासणी फ्रान्समध्ये नव्हे, तर लंडनच्याच स्थानकात, गाडीत बसण्यापूर्वी होते. एकदा डब्यात बसलात की पलीकडे उतरून थेट चालू लागायचे. ही सोय फार मोलाची. पण तिच्यामुळे तपासणीचा सगळा भार एकाच इमारतीवर येतो. आणि सेंट पँक्रस ही १८६८ सालची इमारत. आज युरोस्टारचे प्रवासी जिथे रांग लावतात, ते तळघर मुळात बर्टनहून येणारी बिअरची पिंपे साठवण्यासाठी आखलेले होते. त्याला पंख फुटणार नाहीत.

२०२० अखेरपर्यंत ब्रिटिश पारपत्रावर नजर टाकून ते परत दिले जाई. १ जानेवारी २०२१ पासून त्यावर शिक्का मारणे आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा पाळली गेली की नाही हे पाहणे आले. कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवले की, शिक्क्यामुळे माणशी किमान पंधरा सेकंद वाढतात आणि गर्दीच्या वेळी स्थानकातून सोडता येणाऱ्या प्रवाशांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली आहे. पंधरा सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. नव्या गाडीत सुमारे ९०० आसने असतात. सगळेच प्रवासी ब्रिटिश आहेत असे धरले, तर एका गाडीमागे अधिकाऱ्यांचे पावणेचार तास वाढतात. ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या युरोपीय प्रवेश-निर्गमन प्रणालीने त्यात चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांच्या ठशांची भर घातली आहे.

जागा अपुरी पडली की निवड करावी लागते. कोविडकाळात कर्जबाजारी झालेल्या कंपनीने लंडन-पॅरिस-ब्रुसेल्स हा कमाईचा कणा राखला आणि फांद्या छाटल्या. सारे खापर ब्रेक्झिटवर फोडणारे म्हणूनच अर्धेच बरोबर आहेत. केंटमधील अ‍ॅशफर्ड आणि एब्सफ्लीट स्थानकांवर २०२० पासून गाडी थांबलेली नाही. तिथल्या कुटुंबाला दक्षिणेकडे फ्रान्सला जाण्यासाठी आधी उत्तरेकडे लंडन गाठावे लागते. डिस्नेलँडला निघालेल्यांना लीलला गाडी बदलावी लागते, नाहीतर पॅरिसच्या गार द्यु नोरला उतरून सामान आणि मुले सांभाळत उपनगरी रेल्वे. व्यावसायिकाचे यात काही बिघडले नाही. खर्च पडला तो बाबागाडी, तीन बॅगा आणि पेंगुळलेले मूल घेऊन निघालेल्यांवर. यात लंडन-पॅरिस एकाच सहलीत करणारी, दोन-दोन व्हिसांचे शुल्क भरलेली आपली मराठी कुटुंबेही आली.

आपल्याकडे सीमापार गाड्या बहुतेक वेळा राजकारणाने थांबवल्या. समझौता आणि थार एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये, तर बांगलादेशच्या गाड्या जुलै २०२४ मध्ये. परंतु मैत्री एक्स्प्रेसचा पूर्वेतिहास रांगेचाच आहे. एप्रिल २००८ मध्ये सुरू झालेल्या या गाडीचे प्रवासी गेदे आणि दर्शना या सीमास्थानकांवर सामानासकट उतरत आणि तासन् तास थांबत. नोव्हेंबर २०१७ मध्ये तपासणी कोलकाता आणि ढाका या टोकांच्या स्थानकांत हलवली, तेव्हा नवा रूळ न टाकता प्रवास काही तासांनी कमी झाला. हा उपाय सुचायला आणि अमलात यायला साडेनऊ वर्षे लागली.

आता भूतानची पाळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने कोक्राझार-गेलेफू आणि बनारहाट-सामत्से हे दोन मार्ग जाहीर केले. एकूण ८९ किलोमीटर, खर्च ४,०३३ कोटी रुपये. भूतानला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना मात्र लागतो. म्हणजे खिडकी आली, रांग आली. तपासणी कोक्राझारला होणार की गेलेफूला, एका गाडीचे प्रवासी किती वेळात सोडायचे आणि त्यासाठी किती खिडक्या लागतील, हे पुलांच्या आराखड्याबरोबरच ठरले पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅमने ते नंतर ठरवले. मोठे तपासणी दालन उभारले जाईपर्यंत, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात, तिथून लंडनला निघालेल्या प्रत्येकाला ब्रुसेल्सला सामानासकट उतरावे लागत होते.