अकरा महिन्यांचा निवारा

उच्च शिक्षणाची दारे सर्वांना खुली झाली, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु ज्या शहरात ते शिक्षण मिळते तेथे पाठ टेकण्यास जागा कोणाला परवडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पुण्यात येणाऱ्या ज्या मुलामुलींना वसतिगृह मिळत नाही, त्यांना खाजगी घरमालकाचेच दार ठोठवावे लागते. तिघेचौघे मिळून एखादी सदनिका घेतात किंवा ‘कॉट बेसिस’वर एका खाटेपुरती जागा मिळवतात. अनामत रक्कम, आगाऊ भाडे आणि पुष्कळदा महिन्याच्या भाड्याइतकी दलाली पहिल्याच दिवशी मोजावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील पिकाचे पैसे वर्ग सुरू होण्यापूर्वीच संपतात.

शासनाला याची जाणीव नाही, असे नव्हे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांतील निवासासाठी वर्षाला २०,००० रुपये धरण्यात आले. म्हणजे महिन्याला १,७०० रुपयेही नाहीत. एवढ्या रकमेत या शहरांत कोणती खोली मिळते, हे आकडा ठरविणाऱ्यांनीच सांगावे.

कायद्याचे छत्रही असेच अपुरे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्यानंतरच्या परवानाधारकांना मात्र हा दर्जा दिला नाही. आजचा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे, तर केवळ परवानाधारक आहे. प्रमाण भाडे ठरवून मागण्याचा हक्क त्याला नाही. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई त्याच्या माथी येते.

तथापि, जे थोडे संरक्षण आहे तेही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालक शिक्षेस पात्र ठरतो. मुदत संपली तरी सामान रस्त्यावर फेकण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडेच अर्ज करावा लागतो. मात्र लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून अनामत रकमेचा प्रत्येक रुपया आणि ती परत करण्याची मुदत कागदावर आलीच पाहिजे. करारात कमी रक्कम लिहून उरलेली रोखीने घेण्याची रीत विद्यार्थ्याला नि:शस्त्र करते.

प्रत्येक घरमालक धनदांडगा नसतो, हा आक्षेप खरा आहे. एका खोलीच्या भाड्यावर म्हातारपण काढणारी माणसेही या शहरांत आहेत. पण नोंदविलेल्या कराराने त्यांचेही रक्षणच होते. धास्ती वाटावी ती हिशेब दडविणाऱ्यांना.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याचे सुचविले. पण तो नमुना राज्याने कायदा केल्याशिवाय कोणावरही बंधनकारक नाही. ही मर्यादा आणि तिच्या जोडीला परवानाधारकाचे हक्क राज्याच्या कायद्यात यावेत, ही मागणी लावून धरली पाहिजे. अंतिम उपाय मात्र सार्वजनिक वसतिगृहे हाच होय. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, ती निवाऱ्यावाचून शिक्षण बहुजनांच्या घरी पोहोचणार नाही हे ओळखूनच.

विद्यार्थ्याचे मत बहुधा गावाकडे नोंदलेले असते आणि त्याचा पत्ता दरवर्षी बदलतो. म्हणून शहरातील पुढाऱ्यांना त्याची गरज वाटत नाही. ज्याच्या मताची किंमत नाही त्याच्या पाठीशी उभे राहणे, हीच समाजवादी कार्यकर्त्याची कसोटी आहे. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाच्या दाराशी एक टेबल मांडून करार वाचून दाखविणे, एवढ्यापासूनही आरंभ करता येईल.