१२० पैकी १२०

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदारांच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांबरोबर राज्यघटनेतल्या एका दुरुस्तीचाही प्रश्न होता. सरकारी शाळांबाहेर शिकणाऱ्या मुलांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा देण्याची मुभा विधिमंडळाला असावी का, असा तो प्रश्न. खासगी शाळांकडे पैसा वळवणारा एक कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात घटनाबाह्य ठरवला होता. त्यामुळे घटनाच बदलून घ्यावी, म्हणून रिपब्लिकन पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या विधिमंडळाने हा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. डोनाल्ड ट्रम्प स्वतःही या धोरणाचे जुने पुरस्कर्ते. निकाल लागला तेव्हा ट्रम्प यांनी राज्यातल्या १२० काउंट्यांपैकी ११८ जिंकल्या होत्या. घटनादुरुस्ती मात्र १२० च्या १२० काउंट्यांत पडली. मतदानकेंद्रात उभ्या असलेल्या एकाच माणसाने, एकाच कागदावर, वरच्या रकान्यात ट्रम्प यांना मत दिले आणि खाली त्यांच्या आवडत्या धोरणाला नकार दिला. असे करणारे लोक लाखांनी होते.

ग्रामीण अमेरिकेच्या मतदानाबद्दल गेली वीस वर्षे एक विधान पाठ झाल्यासारखे म्हटले जाते: हे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. थॉमस फ्रँक यांचे कॅन्ससवरचे पुस्तक २००४ मध्ये आले तेव्हापासून हे विधान रुळले, आणि मराठी वर्तमानपत्रांतही दर चार वर्षांनी ते उमटते. त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे अमेरिकेची खबर येते ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधून. आपले बहुतेक नातेवाईक राहतात ते न्यू जर्सीत, बे एरियात, शिकागोच्या उपनगरांत. तिथून खेडे दिसते ते निवडणुकीच्या रात्री टीव्हीवरच्या नकाशातला लाल रंग म्हणून. तो रंग गडद होतो आहे हे खरेच. मतदान केल्याची नोंद पडताळून प्यू रिसर्च सेंटरने केलेल्या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण मतदारांपैकी ६९ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि २९ टक्क्यांनी कमला हॅरिस यांना मत दिल्याचे दिसले. २०१६ मध्ये ट्रम्प यांचा वाटा ५९ टक्के होता. पण या आकड्यांवरून ग्रामीण माणसाला स्वतःचे हित कळत नाही असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते, आणि केंटकीचा निकाल हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. हिताचा प्रश्न थेट विचारला की हा मतदार अचूक उत्तर देतो. राष्ट्राध्यक्ष निवडताना मात्र आपल्याला हिताचा प्रश्न विचारला जातो आहे यावर त्याचा विश्वासच उरलेला नाही. तिथे तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो: आपण कोणाच्या खिजगणतीत आहोत का?

शाळेचा प्रश्न इतका स्वच्छ का सुटला हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्व केंटकीच्या डोंगरी काउंट्यांत खासगी शाळा जवळपास नाहीतच. पालकाच्या हातात अनुदान ठेवले तरी ते घेऊन जायचे कुठे? आणि तिथली सरकारी शाळा म्हणजे फक्त वर्ग आणि फळा नव्हे. कोळशाच्या खाणी आटल्यावर अनेक काउंट्यांत शाळाखाते हेच सर्वांत मोठे रोजगार देणारे ठिकाण राहिले आहे. पिवळी बस चालवणारा, दुपारचे जेवण रांधणारी, बॉयलर सांभाळणारा, सातवीला गणित शिकवणारी, हे सगळे त्याच दरीतले. आरोग्यविमा असलेली पक्की नोकरी घरात एकच असते, आणि ती बहुधा शाळेतली. शुक्रवारी संध्याकाळी अख्खे गाव फुटबॉलच्या सामन्याला जमते, पूर आला की शाळेच्या जिममध्ये खाटा पडतात. अशा ठिकाणी शाळेचा पैसा बाहेर जाणार म्हणजे नेमके कोणाचे काय जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मतदाराला हिशेब डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्याने तो पक्षाकडे न बघता मांडला.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण केंटकीत हे वारंवार घडले आहे. २०१८ च्या मार्चमध्ये तिथल्या विधिमंडळाने शिक्षकांच्या निवृत्तिवेतनातली कपात सांडपाण्यावरच्या एका विधेयकात घुसडून काही तासांत मंजूर करून घेतली. शिक्षक रस्त्यावर उतरले, शाळा बंद पडल्या, आणि तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेविन आंदोलक शिक्षकांबद्दल असे काही बोलले की त्यांना माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी, मतदानाच्या आदल्या रात्री ट्रम्प बेविन यांच्यासाठी लेक्सिंग्टनला सभा घ्यायला आले. बेविन तरीही पाच हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि अँडी बेशिअर हे डेमोक्रॅट गव्हर्नर झाले. २०२३ मध्ये ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेल्या उमेदवाराला हरवून बेशिअर पाच टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत लेचर आणि पेरी या पूर्वेकडच्या काउंट्या त्यांच्या बाजूला गेल्या. याच दोन काउंट्यांनी २०२० मध्ये ट्रम्प यांना तीन चतुर्थांशांहून अधिक मते दिली होती. मधल्या काळात, २०२२ च्या जुलैअखेर, या भागात पूर आला, चाळीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर गव्हर्नर पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. लोकांनी ते पाहिले होते.

मग हाच माणूस राष्ट्राध्यक्ष निवडताना वेगळा का वागतो? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या राज्यशास्त्रज्ञ कॅथरीन क्रेमर यांनी २००७ पासून काही वर्षे आपल्या राज्यातल्या लहान गावांत जाऊन, पेट्रोलपंपावर आणि कॉफीच्या टेबलाभोवती सकाळी जमणाऱ्या लोकांच्या गप्पा ऐकल्या. त्यांना तीन तक्रारी सतत ऐकू आल्या: निर्णय शहरात होतात, पैसा शहराकडे जातो, आणि शहरातल्यांना आमच्याबद्दल आदर नाही. पहिल्या दोन तक्रारींवर आकडे काढून वाद घालता येतो, आणि ग्रामीण भागाला सरकारी पैसा कमी मिळतो हा समज आकड्यांवर बहुतेकदा टिकतही नाही. तिसरीवर आकडा चालत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन एका सभेत कोळशाच्या खाणी आणि खाणकामगारांचे काम आपण बंद करणार, अशा अर्थाचे बोलून गेल्या. पुढचेच वाक्य त्या कामगारांना विसरून चालणार नाही असे होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. खाणी मुळात स्वस्त नैसर्गिक वायूमुळे आणि यंत्रांमुळे रिकाम्या होत होत्या. ट्रम्प यांनी त्या परत उघडण्याचे आश्वासन दिले. नोकऱ्या परत आल्या नाहीत, उलट त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत देशभर आणखी घटल्या. तरीही त्यांची मते वाढली. मत आश्वासनाच्या मोबदल्यात दिले असते तर ते इथे परत घेतले गेले असते. ते दिले होते ते आपल्या कामाला कमी न लेखणाऱ्या माणसाला, आणि कमी लेखणाऱ्यांच्या विरोधात.

यावर पहिला गंभीर आक्षेप वंशाचा आहे. मान-अपमानाची ही भाषा म्हणजे गोऱ्या माणसाच्या वर्णद्वेषाला दिलेले सभ्य नाव, असे अनेक अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'कष्ट न करता सरकारी मदत खाणारे लोक' असे म्हणताना अनेकांच्या मनात कोणाचा चेहरा असतो हे लपलेले नाही. पण एवढ्याने उलगडा होत नाही. केंटकीतली एलियट काउंटी जवळपास संपूर्ण गोरी, वस्ती सात हजारांच्या आसपास. १८६९ मध्ये स्थापना झाल्यापासून २०१२ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत ती डेमोक्रॅट पक्षाच्या मागे उभी राहिली. २००८ मध्ये तिने बराक ओबामांना ६१ टक्के मते दिली. २०१६ मध्ये ट्रम्प यांना ७० टक्के. तिथली माणसे आठ वर्षांत बदलली नव्हती. जो पक्ष आपला वाटत होता तो परका वाटू लागला, आणि वंशाचा राग जर सुप्त होता तर त्याला वाट मिळाली ती त्या परकेपणातून.

'ग्रामीण अमेरिका' म्हणजे गोरी अमेरिका असे धरून चालण्यातही चूक आहे. २०२० च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागातली सुमारे एक चतुर्थांश माणसे गोरी नाहीत. अलाबामातली लाउन्डस काउंटी घ्या. सेल्मा ते माँटगोमेरी हा १९६५ चा मतदानहक्काचा मोर्चा जिच्यातून गेला ती ही काउंटी. त्या वर्षाच्या सुरुवातीला इथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय होती आणि मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. नाव नोंदवले म्हणून जमीनमालकांनी कुळांना हुसकावले, तेव्हा ती कुटुंबे महामार्गालगत तंबूत राहिली. आज तिथल्या चिकट काळ्या मातीत सेप्टिक टाकी नीट चालत नाही, नवी बसवायची तर हजारो डॉलर लागतात, आणि अनेक घरांचे मैलापाणी पाइपमधून थेट परसात येते. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने या प्रश्नावर राज्याशी करार केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्या नव्या सरकारने तो संपवला. ही काउंटी सातत्याने डेमोक्रॅट पक्षाला मत देते. लेचर आणि लाउन्डस यांची मते विरुद्ध टोकांची आहेत, पण दोघांच्याही मतात इतिहासाने शिकवलेला एकच सवाल आहे: आम्हाला माणूस म्हणून मोजणारा कोण? लाउन्डसच्या मतदाराला मात्र कोणी अडाणी म्हणत नाही. दोन गावांना दोन मापे लावण्याचे कारण मला सापडत नाही.

दुसरा आक्षेप असा की या लोकांना आधीच गरजेपेक्षा जास्त वजन आहे. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचे सेनेटर दोन आणि चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. ही व्यवस्था अन्याय्य आहे, याबद्दल दुमत नाही. पण ते वजन राज्याचे असते, मतदाराचे नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधी-मंडळातली केंटकीची आठ मते कोणाला जाणार हे कित्येक निवडणुकांत आधीच ठरलेले असल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तिथे मते मागायला फिरकत नाही. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी जवळपास सगळी ताकद सात राज्यांत लावली. मेन आणि नेब्रास्का सोडल्यास सगळीकडे जिंकणाऱ्याला राज्याची सगळी मते मिळत असल्याने अलाबामातल्या लाउन्डसचे मतही राष्ट्रीय बेरजेत कुठेच उरत नाही. ज्याच्या दारात मत मागायला कोणी येत नाही, त्याने मत देताना धोरणपत्रिका पडताळून पाहावी ही अपेक्षा वाजवी म्हणता येईल का?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मान मिळाला असेल, पण दवाखाना गेला, त्याचे काय? केंटकीतला सुमारे तीनातला एक माणूस मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेवर आहे. २०१० पासून देशभर शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली वा त्यांनी रुग्ण दाखल करणे थांबवले. त्यात ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली, आणि ओरड झाल्यावर ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरचा निधी त्यात घालावा लागला. इथे मतदाराचे नुकसान खरे आहे आणि त्याच्या मताचा त्यात वाटा आहे. तो नाकारून मी त्याची बाजू घेणार नाही. प्रौढ माणसाच्या मताला परिणाम असतात, आणि ते त्याच्याच पदरात पडतात. पण आयडाहोकडेही पाहायला हवे. त्या कडव्या रिपब्लिकन राज्यात काही तरुण हिरव्या रंगात रंगवलेली जुनी कॅम्पर गाडी घेऊन गावोगाव हिंडले, सह्या गोळा केल्या, आणि २०१८ मध्ये मेडिकेडचा विस्तार थेट मतदानाला लावला. सुमारे ६१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. सगळीकडे असे होत नाही: ओक्लाहोमात २०२० मध्ये हाच प्रश्न आला तेव्हा तो जेमतेम मंजूर झाला, तोही प्रामुख्याने शहरांच्या जोरावर. म्हणजे थेट प्रश्न विचारला की ग्रामीण माणूस डावीकडे झुकतो असा काही नियम नाही. फरक पडतो तो प्रश्न कोण घेऊन येतो, आणि दारात उभे राहून बोलतो की पडद्यावरून, याने.

ताज्या कायद्यात तर प्रश्न आणि परिणाम यांची फारकतच केलेली आहे. मेडिकेड घेणाऱ्या अनेक प्रौढांनी दरमहा ८० तास काम केल्याचे दाखवावे, ही अट १ जानेवारी २०२७ पासून राज्यांना बंधनकारक होते. काँग्रेसची निवडणूक त्याआधी दोन महिने, नोव्हेंबर २०२६ मध्ये. खाण बंद झालेल्या दरीत, जिथे इंटरनेट धड चालत नाही आणि काम हंगामी असते, तिथल्या माणसाने हे ८० तास कोणत्या कागदाने सिद्ध करायचे, हे त्याला मतदान करून घरी परतल्यानंतर कळणार आहे. डेमोक्रॅट पक्षाला हे मतदार परत हवे असतील तर त्याने लेचरमध्ये जाऊन, तिथल्या रुग्णालयाचे नाव घेऊन, हा कागद कसला आहे ते त्याआधी समजावून सांगायला हवे. तिथे जाऊन बोलणे बेशिअर यांना जमले होते. राष्ट्रीय पक्षाने त्या दरीत कार्यालय उघडण्याचेही कष्ट अजून घेतलेले दिसत नाहीत.