मावळ्यांना वार्निश का फासता?

दिवाळी जवळ आली की आमच्या पवईच्या सोसायटीत जिन्याखाली किल्ला उभा राहतो, आणि दर वर्षी तोच वाद. मातीच्या मावळ्यांना वार्निश मारायचं की नाही? काकामंडळींचं ठाम मत, "मारा रे, चमकतात आणि टिकतातही!" मी म्हणतो, चमकतात खरं. टिकत नाहीत!

माझ्या या हट्टामागे एक जुनं दुखणं आहे. बाबांनी लहानपणचे सात मावळे जपून ठेवले होते, पोस्टर कलरने रंगवलेले. मी उत्साहाच्या भरात त्यांच्यावर पाण्यात मिसळणारं वार्निश ब्रशने फासलं. पोस्टर कलर डिंकावर धरलेला असतो, सुकला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. बाजीप्रभूंच्या मिशा हनुवटीवर उतरल्या! बाबा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता किल्ल्याचं बघा. आपण अळीव पेरतो, रोज पाणी शिंपडतो आणि मावळा त्याच ओल्या मातीत रोवतो. भाजलेली माती सच्छिद्र, ती तळातून पाणी ओढून घेते. वरून चकचकीत थर असला की ओल बाहेर पडायला वाट नाही, मग रंगाचा पापुद्रा फुगून सुटतो. म्हणजे डोक्यावर छत्री आणि उभे गुडघाभर पाण्यात!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रंग अ‍ॅक्रिलिक घ्या, सुकल्यावर तो पाण्याने सुटत नाही. वार्निशचे दोन हात द्यायचेच तर तळाला द्या. अंगावर फार तर मॅटचा पातळ हात, तोही कोरड्या दिवशी. स्प्रे असेल तर दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते, आणि आपल्याकडे तलावाकाठी दमटपणाला काय तोटा? चकाकीने तर तीन इंचाच्या चेहऱ्यावरचे डोळे-नाक दिसतच नाहीत, नुसता बल्बचा उजेड दिसतो.

आणि माळ्यावरचा ऑइलपेंटचा जुना डबा पोरांच्या हातात कृपा करून देऊ नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमचा डबा त्याआधीचा असेल तर त्यात किती शिसं आहे कोण जाणे.

असो. काका, रागावू नका. बाजीप्रभू यंदाही खिंडीत उभे राहतील, ओघळलेल्या मिशांसकट. त्यांना पुन्हा रंगवायची माझी हिंमत नाही.